आरोग्याची वही : शटर उचलण्यापूर्वी



गेल्या अंकातील झोपेविषयीच्या लेखावर आपणांपैकी अनेकांची पत्रे आली. त्यांतील तीन-चार पत्रांचा झोपेशी काही संबंध नव्हता. परंतु त्या सर्वांतील तक्रार मात्र एकच होती. आपल्या सांगण्यावरून व्यायाम सुरू केला आणि आठच दिवसांत कंबर धरली, आता काय करावे? एका गृहस्थांनी तर, यापेक्षा व्यायाम न करताच बरे होते, असेही पुढे लिहिले आहे. ही पत्रे वाचताना मला तीन वर्षांपूर्वीची डिसेंबरमधील एक पहाट आठवली. ती हकिगत मी या स्तंभात आजवर लिहिली नाही, कारण तीत चूक माझी आहे.

माझे थोरले बंधू कापडाचे व्यापारी. घरात आणि बाजारात सारे त्यांना अण्णा म्हणतात. अठराव्या वर्षी ते वडिलांच्या शेजारी गल्ल्यावर बसले ते आजतागायत बसलेलेच आहेत. मी धाकटा, मला दुकानात रस नव्हता, म्हणून शिकलो आणि महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झालो. चौतीस वर्षे मुलांना मैदानावर पळविले. अण्णा त्या काळात एकदाही मैदानावर आले नाहीत आणि मीही त्यांना कधी बोलावले नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांची तीन महिन्यांची साखर सीमारेषेवर आली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रोज चालण्यास सांगितले.

अण्णांचा स्वभाव अस्सल व्यापाऱ्याचा. देणे निघाले की ते एकरकमी फेडून मोकळे व्हायचे. दुसऱ्याच दिवशी पहाटे पावणेसहाला ते माझ्या दारात उभे होते, पायांत पुतण्याचे बूट घालून. आम्ही मैदानावर गेलो. कडाक्याची थंडी होती. तेथे माझे काही जुने विद्यार्थी भेटले, गप्पा सुरू झाल्या आणि मी अण्णांना म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

अण्णा पुढे झाले. कॉलेजची मुले धावत होती, ती पाहून यांनाही हुरूप आला. घरातून थेट उठून आलेले, चाळीस वर्षे बैठे काम केलेले ते शरीर एकदम धावू लागले. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत ते अचानक थांबले आणि मागे वळून पाहू लागले. पोटरीवर कोणीतरी मागून दगड मारला, असे त्यांना वाटले होते. मागे कोणीच नव्हते. पोटरीचा स्नायू फाटला होता.

पुढचे सहा आठवडे पाय उशीवर ठेवून गेले. ऐन लग्नसराईचे दिवस. दुकान पुतण्याने आणि नोकरांनी सांभाळले. पण अण्णांना गल्ला नजरेआड झाला की झोप लागत नाही. मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी चहा ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, आयुष्यभर परक्यांच्या मुलांना शिकवलंत. घरच्या माणसाला तेवढं दहा मिनिटं का नाही शिकवलं?" मजजवळ उत्तर नव्हते. पाय बरा झाला, परंतु व्यायाम आपल्या घराण्याला मानवत नाही, असा निष्कर्ष अण्णांनी काढला होता. वर्षभरात साखरेने सीमारेषा ओलांडली आणि गोळी सुरू झाली.

पत्रलेखक गृहस्थहो, आपले उत्तर वहिनींच्या त्या प्रश्नात आहे. व्यायामाने कंबर धरत नाही. न तापलेल्या शरीराला एकदम कामाला जुंपल्याने ती धरते.

ही कथा तेथेच थांबली असती. परंतु गेल्या दिवाळीत अण्णा स्वतःच माझ्याकडे आले. पस्तिसाव्या वर्षी ते शत्रुंजय पायी चढले होते. पुन्हा एकदा पायी चढावे, कार्तिकी पौर्णिमेला, असे त्यांच्या मनात होते. "डोलीत बसून जाणं मला जमणार नाही," ते म्हणाले. मी हो म्हणालो, पण एका अटीवर. आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यायची आणि मग मी सांगेन त्याच क्रमाने चालायचे.

प्रथम मी त्यांना एक हिशेब समजावून सांगितला, तो आपणांसही सांगतो. सुदृढता म्हणजे एकच एक गोष्ट, असे आपण समजतो. कोणी रोज पाच किलोमीटर चालतो म्हणून स्वतःस तंदुरुस्त म्हणवतो, कोणी धान्याचे पोते सहज उचलतो म्हणून. वस्तुतः हा ताळेबंद आहे आणि त्यात निरनिराळी खाती आहेत. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यात आपोआप वळती होत नाही.

शत्रुंजयाच्या सुमारे साडेतीन हजार पायऱ्याच घ्या. चढताना पहिली कसोटी लागते ती दमाची. हृदयाने रक्त किती पोहोचवावे, फुप्फुसांनी प्राणवायू किती घ्यावा आणि स्नायूंनी तो किती वापरावा, या तिन्हींची मिळून ही क्षमता असते. शारीरिक सुदृढतेच्या खात्यांत हिला पहिला मान आहे, कारण हृदयविकार आणि मधुमेह यांच्याशी तिचा थेट संबंध आहे. दुसरी कसोटी ताकदीची : प्रत्येक पायरीवर सारे शरीर एका मांडीने वर उचलायचे असते. एक पायरी कोणीही चढेल. तीच क्रिया हजारो वेळा करण्यासाठी जो टिकाव लागतो, ते तिसरे खाते. पुष्कळांची ताकद चांगली असते, टिकाव नसतो. पोते उचलणारा हमाल आणि डोली वाहणारा डोलीवाला यांच्यातील फरक येथे ध्यानात येईल. चौथे खाते लवचिकतेचे. वर्षानुवर्षे मांडी घालून किंवा खुर्चीत बसल्याने नितंबाच्या सांध्यापुढील आणि मांडीमागील स्नायू आखडतात. मग पाय पुरेसा उचलला जात नाही आणि त्याचा भार कंबर सोसते. पाचवे खाते शरीराच्या घडणीचे : वजनात चरबी किती आणि स्नायू किती. भारतीयांच्या शरीरात बारीक दिसणाऱ्या माणसाच्याही पोटाभोवती चरबी साठते. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये. बेंबीच्या पातळीवर फीत धरून पाहावे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडे धोक्याची रेषा मानली जाते. कापडाच्या दुकानात फीत शोधावी लागत नाही, तरीही चाळीस वर्षांत अण्णांनी ती स्वतःच्या पोटाभोवती एकदाही धरली नव्हती.

वेग, चपळाई, समन्वय, प्रतिक्रियेची तत्परता ही खाती मुख्यतः खेळाडूंची. त्यांविषयी आज लिहीत नाही. तोलाचे मात्र तसे नाही. साठीनंतर पडून खुब्याचे हाड मोडणे ही घराघरातील गोष्ट आहे आणि डोंगर उतरताना तर तोलावरच सारे अवलंबून असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगितले आहेत. प्रौढांसाठी त्याच सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, असे माप आहे. आपल्या समाजात पहिल्या निम्म्याकडे आता लक्ष जाऊ लागले आहे. बागेत सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते. दुसरे निम्मे जवळजवळ कोणीच करीत नाही, स्त्रिया तर नाहीतच. रजोनिवृत्तीनंतर हाडांतील बळ झपाट्याने उतरते. त्या वयात स्नायूंवर भार टाकणारा व्यायाम हाडांसाठीही हवा असतो. घरकाम हाच व्यायाम, हे समाधान पुरेसे नाही.

बैठ्या धंद्याविषयी एक जुना अभ्यास आपल्या वाचकांना आवडेल. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला; तो १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकाच गाडीवर दोघे कामाला. चालक दिवसभर बसलेला, तर तिकिटे देणारा वाहक दिवसातून पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा-उतरणारा. हृदयविकाराचे प्रमाण चालकांत बरेच अधिक निघाले आणि त्यांना येणारे झटके अधिक घातकही होते. पुढे मॉरिस यांनी गणवेश शिवण्याच्या मापांच्या नोंदी काढल्या, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर त्याच वयाच्या वाहकांपेक्षा मोठा आढळला. हे लोक नोकरीस लागतानाच जरा स्थूल होते काय, हा प्रश्नही त्यातून निघाला आणि तो प्रामाणिकपणे मांडला गेला. तरीही बसून राहण्याचा हिशेब प्रथम मांडला तो याच अभ्यासाने. आता आपल्या दुकानाकडे पाहा. फळीवरून ठाण काढणारा, उलगडणारा, घडी घालून परत ठेवणारा नोकर हा वाहक. गल्ल्यावरचे शेठजी हे चालक.

अण्णांची शिल्लक तपासण्यासाठी मी एक साधी चाचणी घेतली. ब्राझीलमधील डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ स्त्री-पुरुषांवर ती वापरली होती आणि २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. उभे असताना खाली जमिनीवर बसायचे आणि पुन्हा उभे राहायचे. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला, गुडघा टेकला, की प्रत्येक आधारामागे एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. त्याचे कारण उघड आहे : या एका क्रियेत ताकद, लवचिकता, तोल आणि शरीराची घडण ही चारही खाती एकदम तपासली जातात.

अण्णा बसले ते एक हात टेकून. उठताना त्यांनी एक हात टेकला, एक गुडघा टेकला आणि शेवटी माझा खांदा धरला. खांद्याचे किती गुण वजा करावेत, हे त्या डॉक्टरांनी सांगितलेले नाही. मग वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, साडी सावरून सरळ खाली बसल्या आणि कशालाही हात न लावता उठून उभ्या राहिल्या. दहापैकी दहा. अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. त्या रोज सामायिकाला जमिनीवर बसतात, भाजी जमिनीवर बसून निवडतात, दिवसातून वीस वेळा उठबस करतात. अण्णांनी गुडघ्यांच्या नावाखाली सामायिकही खुर्चीवर आणले होते. त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

(ही चाचणी घरी करून पाहणार असाल, तर शेजारी कोणी तरी उभे असावे. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ती करू नये.)

आता मूळ विषयाकडे येतो, शरीर तापविण्याकडे. आजची मुले त्याला वॉर्मअप म्हणतात.

आपण विश्रांत असतो तेव्हा हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी रक्त स्नायूंकडे जाते. उरलेले यकृत, मूत्रपिंडे, आतडी, मेंदू यांच्या वाट्याला येते. जोरदार व्यायामात हेच प्रमाण उलटते आणि ऐंशी टक्क्यांच्या आसपास रक्त स्नायूंकडे वळते. ही वाटणी क्षणात बदलत नाही. रक्तवाहिन्यांना रुंदावण्यास काही मिनिटे लागतात. तेवढा अवधी न देता धावू लागलो, तर मागणी आधी येते आणि माल नंतर पोहोचतो. मधल्या काळात हृदयाचीही ओढाताण होते. १९७३ साली अमेरिकेत ४४ निरोगी पुरुषांना कोणतीही पूर्वतयारी न करता दहा-पंधरा सेकंद धावपट्ट्यावर वेगाने पळविण्यात आले, तेव्हा त्यांतील बहुतेकांच्या हृदयाच्या आलेखात तात्पुरते बिघाड दिसले. आधी दोन मिनिटे हलके धावून घेतल्यावर ते नाहीसे झाले किंवा कमी झाले. ही माणसे निरोगी होती. साखर, रक्तदाब आणि चाळीस वर्षांचा गल्ला असलेल्या माणसाविषयी वेगळे सांगायला नको.

स्नायू तापला की तो अधिक चपळतेने आकुंचन पावतो, मज्जातंतूंचे संदेश जलद धावतात, रक्तातील प्राणवायू अधिक सहज सुटा होतो आणि सांध्यांतील वंगण पातळ होऊन पसरते. थंडीत गोठलेले तूप आणि उन्हातले तूप यांत जो फरक, साधारण तोच. थंड, आखडलेल्या स्नायूला झटका बसला, तर तो ताणला जाण्याऐवजी फाटतो. अण्णांच्या पोटरीचे नेमके हेच झाले.

कंबरेची गोष्ट याहून थोडी निराळी आहे आणि ती प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवावी. मणक्यांच्या मधल्या गाद्या रात्रभर पाणी शोषून फुगतात. त्यामुळे सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटरने अधिक असते. फुगलेली गादी वाकविली, तर तिच्यावरील आणि भोवतालच्या बंधांवरील ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा पुष्कळ वाढतो. उठल्यानंतरचा पहिला तासभर हा या दृष्टीने सर्वांत नाजूक. याच वेळात कोणी खाली वाकून पाण्याची बादली उचलतो, कोणी पायाची बोटे धरण्याचा व्यायाम करतो. आणि जे दुकानाच्या वरच राहतात, ते जिना उतरून थेट शटरला हात घालतात. जुने, वंगण नसलेले शटर, कंबरेत वाकून, एका झटक्यात. कंबर धरल्याच्या कितीतरी हकिगतींत हे शटर मी ऐकले आहे. ज्यांचे दुकान सकाळी लवकर उघडते त्यांनी आधी पाच-दहा मिनिटे गल्लीत फेऱ्या माराव्यात, खांदे फिरवावेत आणि मग गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून, दोन्ही हातांनी शटर उचलावे. शटरला वर्षातून दोनदा वंगण द्यावे, हाही मी आरोग्याचाच सल्ला समजतो.

तापविण्याची रीत कठीण नाही. प्रथम पाच मिनिटे चालणे. आरंभी रमतगमत, मग हळूहळू वेग वाढवीत. त्यानंतर घोटा, गुडघा, खुबा, खांदा हे सांधे त्यांच्या सहज कक्षेत फिरवावेत, ओढूनताणून नव्हे. मग जो व्यायाम करायचा, त्याचेच हलके रूप. धावायचे असेल तर संथ दुडकी चाल, सूर्यनमस्कार घालायचे असतील तर पहिले दोन-तीन अगदी सावकाश आणि अर्धे, वजने उचलायची असतील तर रिकाम्या हातांनी तीच हालचाल. सारे मिळून दहा मिनिटे पुरतात. थंडीत आणि पन्नाशीपुढे पंधरा धरावीत. श्वास थोडा वाढला, कपाळावर किंचित दमटपणा आला, तरी सलग वाक्य बोलता येते आहे, म्हणजे शरीर तयार झाले असे समजावे. जुन्या तालमीतील पैलवान कुस्तीपूर्वी फावड्याने लाल मातीचा हौद उकरीत असत. माती तर मऊ होईच, परंतु उकरणारा पैलवानही तेवढ्यात तापून निघे. त्याला कोणी वॉर्मअप म्हटले नाही.

आणि आता दुसरी कबुली. आपणांपैकी जे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शाळेत होते, त्यांना कवायतीच्या तासाचे ते दृश्य आठवत असेल : पाय ताठ, शिट्टीच्या तालावर वाकून बोटे टेकायची, पोहोचली नाहीत तर झटके द्यायचे. मी स्वतः पहिली वीस वर्षे हेच शिकविले. स्नायूला अचानक ताण बसला की तो स्वतःला वाचविण्यासाठी उलट आकुंचन पावतो. ही त्याची उपजत प्रतिक्रिया आहे. म्हणजे झटक्याने आम्ही मुलांचे स्नायू लांबवीत नव्हतो, त्यांना स्वतःशीच भांडायला लावीत होतो. शिवाय एकाच स्थितीत मिनिटभर किंवा अधिक ताणून धरण्याने लगेच पुढच्या व्यायामातील ताकद काहीशी उतरते, हेही आता ठाऊक झाले आहे. म्हणून आधी हालचालीतून तापविणे आणि स्थिर ताण शेवटी, शरीर गरम असताना, हा क्रम धरावा. माझ्या हाताखालून गेलेले कोणी हे वाचत असतील आणि आपल्या मुलांना अजून त्या जुन्या रीतीने झटके द्यायला लावत असतील, तर त्यांनी ते थांबवावे. माझी चूक पुढच्या पिढीत नको.

व्यायाम संपल्यावरही एकदम थांबू नये. पायांत उतरलेले रक्त वर चढविण्याचे काम चालत्या पोटऱ्या करतात. त्या थांबल्या की रक्त खाली साचते आणि चक्कर येते. पाच मिनिटे संथ चालून मग बसावे. उपवासाच्या दिवशी नुसते सावकाश चालणे पुरे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवास आणि व्यायाम यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घालावा. छातीवर दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा निराळा दम, थंड घाम, यांतील काहीही जाणवले तर तेथेच थांबावे. पित्त म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नये, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

अण्णांचे प्रशिक्षण दिवाळीपासून सुरू आहे. पहिले दोन महिने मी त्यांना धावू दिले नाही, नुसते चालविले. त्यानंतर खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, दात घासताना एका पायावर उभे राहणे. मग पायऱ्या. दुकानात माल ठेवण्याचा माळा आहे, त्याला सतरा पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी तीन खेपा केल्या आणि गल्ल्यावर येऊन एका जुन्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला : साडेतीन हजार भागिले सतरा, म्हणजे दोनशे सहा खेपा. तो कागद त्यांनी मला दाखविला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी त्यांना म्हटले, "अण्णा, एवढी उधारी एका दिवसात कोणी फेडत नाही." सध्या ते एका वेळी चाळीस खेपा करतात, मध्ये दोनदा बसून. उतरताना मांड्या चढण्यापेक्षा अधिक दुखतात, अशी त्यांची तक्रार आहे. ती खरी आहे. उतरताना स्नायू लांबत असताना भार पेलतो आणि ते दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. त्याला उपाय सरावाचाच. म्हणून उतरणे मी त्यांना चढण्याइतकेच मोजायला लावतो.

गेल्या महिन्यात जमिनीवरून उठण्याची चाचणी पुन्हा घेतली. गुडघा टेकला नाही, खांदा धरला नाही, हात एक टेकला. सामायिक पुन्हा जमिनीवर आले आहे. साखरेची गोळी अजून आहेच.

चातुर्मास सुरू झाला आहे. यात्रा कार्तिकी पौर्णिमेला उघडेल. चार महिने हाताशी आहेत. अण्णा पायी चढतील की नाही, हे आज मी सांगू शकत नाही. वहिनी मात्र पायीच चढणार आहेत. त्यांनी डोलीचीही चौकशी करून ठेवली आहे, अण्णांसाठी. हे अण्णांना अजून ठाऊक नाही. हा अंक घरी पोहोचला की होईल.